बाहेर एक, आत दोघी

नेत्राच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी सीटवरचा पसारा मागं ढकलायचा. कॉफीचे रिकामे ग्लास, पार्किंगच्या पावत्या, कुणाच्या तरी नवऱ्याचे लांबून काढलेले फोटो. माझी मुलगी इथं अमेरिकेत, वुस्टरात खासगी तपासाचं काम करते. मराठी मंडळात कुणी विचारलं तर मी सांगते, वकिलांबरोबर असते. खोटं नाही ते. वकीलच तिला कामं देतात. पण पस्तिशीची बाई दिवसभर गाडीत बसून दुसऱ्यांच्या दारांवर नजर ठेवते, ही काही संक्रांतीच्या हळदीकुंकवात सांगायची गोष्ट नाही.

दोन हजार चारचा जानेवारी होता. थंडी अशी की गाडीच्या काचेला आतून बर्फ धरत होतं. आम्ही तुरुंगाकडे निघालो होतो. मला न्यायचं कारण एवढंच, की आरोपी बाई मराठी होती. कोर्टानं दिलेला दुभाषी हिंदीवाला निघाला आणि त्याच्यापुढं ती तोंड उघडेना. नेत्राचं मराठी जेवणाच्या टेबलापुरतं. "अजून वाढ" आणि "पुरे" यांच्या मधलं तिला फारसं येत नाही.

"आई, तू फक्त ट्रान्सलेट करायचं. कमेंट्री नाही."

"मी कशाला कमेंट्री करू? मी तर बोलतच नाही."

तिनं गिअर टाकला.

प्रकरण मला आधीच ठाऊक होतं. शेजारच्या श्रूजबरीतल्या सगळ्या मराठी घरांत तेव्हा दुसरा विषय नव्हता. देवदत्त म्हणून नागपूरकडचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये. बायको आश्लेषा, वर्ध्याची. पोरगी आन्या, चार महिन्यांची. बाळंतपणासाठी देवदत्तची आई शुभाबाई इकडं आलेल्या. एका संध्याकाळी देवदत्त कामावरून आला, तेव्हा त्याची आई मागच्या दाराच्या पायरीवर बसलेली सापडली. दाराला डोकं टेकून. गोठून मेलेली. दार आतून बंद, आत सून आणि नात. मागच्या घरातल्या बाईनं पोलिसांना सांगितलं, की म्हातारी बराच वेळ दार ठोठावत होती, हाका मारत होती. आणि सूनही म्हणाली, हो, मी ऐकलं. मी उघडलं नाही.

मला विचाराल तर माझा निकाल देऊन झाला होता. मी पण सासू आहे. माझी सून लग्नानंतर वर्षाच्या आत देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला पळाली, नवऱ्याला घेऊन. दार न उघडण्याचेही प्रकार असतात, एवढं मला कळतं.

"तीच म्हणते ना ऐकलं म्हणून? मग तपास कसला करतेस?"

"दॅट्स द पॉइंट," नेत्रा म्हणाली. "खोटं बोलायचं असतं तर ती म्हणाली असती, बाळ रडत होतं, मला ऐकू नाही आलं. सोप्पं होतं. सगळे तेच म्हणतात. ही म्हणते, मी ऐकलं. आई, मी खूप गिल्टी लोकं बघितलीत. अशी कुणी नाही."

तुरुंगातल्या त्या खोलीत टेबल जमिनीला ठोकलेलं होतं. आश्लेषाला आणलं तेव्हा मला वाटलं, चुकून कुणाची तरी शाळकरी पोर आणलीय. अंगावर त्यांनी दिलेला ढगळ शर्ट. छातीवर दोन ओले डाग. माझी नजर तिथं गेल्याचं तिला कळलं.

"बेसिनमध्ये पिळून टाकते, काकू," ती म्हणाली. "आन्याला कोण दूध पाजतंय?"

मी पहिलंच वाक्य नेत्राला सांगायला विसरले.

तिच्या वकिलाचं म्हणणं, गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी करून घेऊ. तरी बाहेर येईपर्यंत पोरगी शाळेत जाऊ लागलेली असती, आणि नंतर हिला इथं राहू दिलं असतं की परत पाठवलं असतं, देव जाणे. नेत्रानं ते सगळं सावकाश समजावलं, मी मराठीत सांगितलं. आश्लेषानं नाही म्हणून मान हलवली. मग नेत्रानं विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांग, अगदी साधं साधंसुद्धा.

ती टेबलाकडं बघत बोलली. मी तिचं बोलणं जमेल तसं इथं देते.

"बाळ दिवसरात्र रडत होतं, काकू. अंगावर पीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. आई म्हणाल्या, हे डॉक्टरचं काम नाही, उतारा टाकते. दहीभात केला, त्यावर कुंकू घातलं, बाळावरून ओवाळला. कागदाच्या प्लेटमध्ये घेतला. मागच्या बाजूला तळ्याकडं तीन रस्ते मिळतात, तिथं ठेवून येते म्हणाल्या. यांचं ऑफिसचं निळं जाकीट होतं, ते साडीवर घातलं."

नेत्रा म्हणाली, "उतारा म्हणजे?"

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, बेबी हॅज बॅड थिंग. राइस टेक बॅड थिंग. यू पुट राइस फार. नेत्रानं भुवया वर केल्या, पण पुढं सांग अशी खूण केली.

"आई म्हणाल्या, मी परत येऊन पाय धुवेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. माझ्याकडं बघायचं नाही. मी भिंतीकडं तोंड करून बसले, बाळाला घेऊन. दार वाजलं. गार वारा पाठीला लागला. पावलं बाथरूमकडं गेली. पाण्याचा आवाज आला. मग त्यांनी मागून येऊन बाळ माझ्या मांडीवरून उचललं. बाळ गप्प झालं, काकू. एकदम. किती दिवसांनी घर गप्प झालं."

"मग?"

"म्हणाल्या, कडी लाव. मी लावली. त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बाळ घेऊन बसल्या. आणि मग हाक आली."

"कुणाची?"

"आईंचीच. बाहेरून. आश्लेषा, अगं दार उघड, पाय गारठले माझे. मी उठले, तर खुर्चीतून आई म्हणाल्या, बस खाली. उतारा टाकून येणाऱ्याच्या मागनं हाक येते. ओ द्यायची नाही."

मी भाषांतर करत होते. माझाच आवाज मला लांबून येत होता. हा नियम मला नवा नव्हता. कराडला आमच्या गल्लीत उतारा टाकून येणाऱ्या बाईला बघून आम्ही पोरी दाराआड व्हायचो. मागून ओळखीची हाक आली तर मागं वळायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर अंगात भिनलेलं. मी माझ्या मनाला खरं विचारलं. बाहेरून हाक आली असती आणि सासू समोर खुर्चीत बसलेली असती, तर मी काय केलं असतं?

मीही उघडलं नसतं.

"तू त्यांचं तोंड बघितलंस का?" हे मी माझ्या मनानं विचारलं. नेत्रानं टेबलाखालून मला पाय मारला.

"टोपी ओढलेली होती जाकिटाची. पाय धुतले होते, म्हणजे बघायला हरकत नव्हती." आश्लेषानं पहिल्यांदा मान वर केली. "पण नाही बघितलं. बाळ गप्प होतं ना."

परत येताना तळ्याच्या पुलाशी सिग्नलला थांबल्यावर नेत्रा म्हणाली, "घरात अजून कुणीतरी होतं."

"कोण?"

"दुसरी बाई. हिला सांगितलं, उघडू नकोस. आणि आता ही तिला कव्हर करतेय, किंवा तिला खरंच वाटतंय ती सासूच होती. आई, हूड होता. चेहरा बघितलाच नाही तिनं. आणि ती निळी जाकिटं त्या कंपनीनं सगळ्यांना वाटलीयत."

बरोबरच होतं तिचं. डोक्याला पटणारं होतं. मला त्यातलं काही खोडता येईना, आणि खोडायचंही नव्हतं. तरी मी तिला सांगितलं की थंडीत दुसऱ्याच्या घरात शिरून आधी पाय धुणारी चोरटी मी अजून ऐकली नाही.

"कमेंट्री," नेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या घरातल्या मिसेस डॉयलकडं गेलो. एकटी बाई, माझ्याच वयाची, गुडघ्यावर मांजर. चहा केला तिनं, दूध आधी घालून. तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतून देवदत्तचं मागचं अंगण पूर्ण दिसायचं. मागचं दार, त्याच्या तीन पायऱ्या, शेजारी स्वयंपाकघराची मोठी काच. इतकी वर्षं इथं काढून मला इंग्रजी समजतं. बोलतानाच तेवढी ठेच लागते.

नेत्रानं तिला विचारलं, तुम्ही काय बघितलंत?

"मी पोलिसांना सांगितलं होतं सगळं," ती म्हणाली. "बाहेर एक होती आणि आत दोघी."

नेत्राचा हात थांबला. "पोलिसांच्या जबाबात आत एकच आहे."

"जबाब घेणारा तो पोलीस मुलगा मला म्हणाला, म्हणजे एकूण दोघी ना? मी म्हटलं, नाही. बाहेर एक, आत दोघी. तो म्हणाला, थँक यू मॅम, आणि गेला." तिनं मांजराला खाली ठेवलं. "आत दोघी होत्या म्हणूनच मी पडदा ओढला. एकीनं नाही तर दुसरीनं उघडलं असतं की. नाहीतर मी गेले नसते का? कोट घालून गेले असते. समोर तर होतं."

तिचे डोळे भरले. नेत्रानं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. मग विचारलं, ती आतली दुसरी कशी होती?

"म्हातारी. बाहेरचीसारखीच. मला वाटलं बहिणी असतील. तसलंच निळं जाकीट, तसलीच हिरवी साडी. घरात जाकीट घालून बसलेली बघून मला वाटलं, बिचाऱ्यांची हीटिंग बंद पडलीय."

शुभाबाईंना बहीण नव्हती. ते नेत्रानं नंतर नागपूरला फोन करून खात्री केली. पण तेव्हा मला राहवलं नाही. मी माझ्या इंग्रजीत विचारलं, "शी लुक अ‍ॅट डोअर? इनसाइड वन?"

मिसेस डॉयल माझ्याकडं वळली. तिला कुणीतरी हे विचारावं असं वाटत असावं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. बाहेरची दारावर थापा मारत होती आणि आतली बाळाला थोपटत होती. एकाच तालात. थाप पडली की हात पडायचा." तिनं टेबलावर बोटं ठेवली आणि लगेच उचलली. "मग बाहेरच्या थापा हळू झाल्या. तेव्हा तिचा हातही हळू झाला."

नेत्रानं हे शेवटचं लिहून घेतलं नाही.

तिथनं आम्ही देवदत्तच्या घरी गेलो. मला वाटलं होतं घराचा उकिरडा झाला असेल. बायको तुरुंगात, आई गेलेली, पुरुषमाणूस एकटा. पण ओट्यावर एक शीत नव्हतं. देवदत्त दाढी वाढवून सोफ्याच्या कडेला बसला होता.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

"झोपलीय, मावशी."

नेत्रानं त्याला सरळच विचारलं, त्या दिवशी घरात तुझ्या ओळखीची दुसरी कुणी बाई होती का? एकूण दोन बायका आत दिसल्यात. ऑफिसला जाण्याआधी तू कुणाला घरी आणून सोडलं होतंस का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. नेत्रा फोन घ्यायला बाहेर गेली, तेव्हा मी त्याला धरलं. माझ्यापुढं पोरं जास्त वेळ गप्प राहू शकत नाहीत.

"हे बघ देवदत्त, तुझी बायको तिथं छातीचं दूध मोरीत ओततेय. तुला काही ठाऊक असेल तर आत्ता बोल. आईचं दुःख मला कळतं. पण गेलेल्यासाठी जिवंत माणूस पुरायचं नसतं."

त्यानं मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"मी गॅरेजमधून आत आलो. आश्लेषा म्हणाली, आई आत पडल्यात. मी खोलीत गेलो. आई नव्हती. पांघरुणाखाली हात घातला. गरम होतं, मावशी. कुणीतरी आत्ता उठून गेल्यासारखं. मग मी मागचं दार उघडलं. आईचं डोकं माझ्या पायावर पडलं. ती लाकडासारखी झाली होती. लाकडासारखी."

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?"

नेत्राला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, सी? दुसरी बाई त्या बेडवर झोपली होती, गाडीचा आवाज ऐकून पुढच्या दारानं गेली. मी म्हटलं, पुढच्या दाराशी बर्फ पडलं होतं ना, पावलं? ती म्हणाली, पोलिसांनी ती बाजू बघितलीच नाही, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी सगळं तुडवलं. तिचं हेही बरोबर होतं.

त्याच जोरावर खटला कोसळला. मिसेस डॉयलनं कोर्टापुढं शपथेवर सांगितलं, बाहेर एक, आत दोघी. जबाब घेणाऱ्या पोलिसाला कबूल करावं लागलं की तिनं तसं सांगितलं होतं आणि त्यानं ते गाळलं होतं. सरकारी वकिलानं आरोप मागं घेतला. घरात आणखी एक बाई होती, तिनं सुनेला अडवलं, त्या बाईचा शोध चालू ठेवू, असं ठरलं. न्यायाधीशबाई आश्लेषाकडं बघून दोन शब्द बोलल्या. मी त्यांचं मराठी करून सांगितलं. आश्लेषानं फक्त विचारलं, "म्हणजे घरी जायचं, काकू?"

नेत्रा मला कोर्टाच्या पायऱ्यांवर घट्ट बिलगली. लहान असतानासुद्धा ती अशी बिलगली नव्हती. "टोल्ड यू," ती म्हणाली. मी म्हटलं, हो बाई, जिंकलीस. माझा निकाल चुकला. हे वाक्य माझ्या तोंडून सहसा येत नाही, म्हणून तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं.

तिला वकिलाबरोबर थांबायचं होतं. देवदत्त म्हणाला, मी सोडतो मावशींना, आधी घरी चला. सुटून आलेली सून, दारात कुणी बाईमाणूस नको का? मी त्यांच्या गाडीत मागं बसले.

दुपार उलटत होती. तळं पांढरं पडलेलं, त्यावर कुणी चिटपाखरू नाही. आश्लेषा पुढं बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून.

"आन्या कुणापाशी आहे?" तिनं विचारलं.

मला वाटत होतं, नेत्रानं बाळ सांभाळायला कुणीतरी सिटर लावली असेल. नेत्राला वाटलं असणार, मिसेस डॉयल बघत असेल. पण मिसेस डॉयल तर सकाळपासून कोर्टातच होती.

"घरी आहे," देवदत्त म्हणाला.

"कुणापाशी?"

देवदत्तनं पूल ओलांडला. डावीकडं वळला. आश्लेषानं पुन्हा विचारलं नाही.

मीही विचारलं नाही.

दार उघडलं तसा ओव्याच्या आणि वेखंडाच्या धुराचा वास आला. न्हालेल्या बाळाला देतात ती, निखाऱ्यावर घातलेली धुरी. घर उबदार होतं. एकही दिवा लागलेला नव्हता.

देवदत्त दारातच बसून बूट काढू लागला. फार सावकाश.

आश्लेषा बुटांसकट आत धावली. मी तिच्या मागं गेले. पाळण्यात आन्या जागी होती. सुती कापडात कानापर्यंत गुंडाळलेली, आमच्याकडं गुंडाळतात तशी, हात आत धरून. आईला बघून ती रडली नाही.

आश्लेषानं तिला उचललं आणि अंगावर घेतलं. पोरगी पिऊ लागली. आश्लेषाचे डोळे वाहत होते.

"रडायची का हो ती, मी नव्हते तेव्हा?" तिनं न बघता नवऱ्याला विचारलं.

"नाही," दारातून आवाज आला. "एकदाही नाही."

"चल," मी म्हटलं. "ऊठ. आज माझ्याकडं चला, तिघंही. आत्ता, आहात तसे."

तिनं मान हलवली. माझ्याकडं बघितलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडं बघायचं टाळून पुन्हा बाळाकडं.

"इथं ती गप्प राहते, काकू."

मी पुढं झाले. निदान पोरीच्या डोक्यावर हात ठेवून निघावं म्हटलं. कापड थोडं मागं सारलं आणि तिच्या जावळावरून हात फिरवला.

केस ओले होते. बोटांना पाणी लागलं. अजून कोमट होतं.